कान नसलेला कॅमेरा

दुकानदार सुधींद्रनं काउंटरवर तीन कॅमेरे ओळीनं मांडले, आणि लक्ष्मीदेवीनं पहिलाच प्रश्न विचारला तो असा, की यातल्या कुठल्याला कान नाहीत.

तिची लेक वर्षिणी हसली. सुधींद्रही हसला, दुकानदारानं हसावं तेवढंच. नवरा नागराज मात्र हसले नाहीत. ते कॅमेऱ्याची वायर अंगठ्याच्या पेरावर घासून बघत होते, नवा दोरा बघावा तशी. चाळीस वर्षं शिवणकामात गेलेल्या माणसाला जगातली प्रत्येक लांब वस्तू दोराच वाटते.

"अम्माला माइक नसलेला हवाय," वर्षिणीनं दुकानदाराला कन्नडात समजावलं.

माइक सगळ्यांनाच असतो, सुधींद्र म्हणाला, आणि एकेकाचे गुण सांगू लागला. हा पहिला फक्त समोरचा रस्ता बघतो. हा दुसरा पुढचं बघतो नि मागचंही, मागच्या काचेला त्याचा धाकटा भाऊ चिकटवायचा. आणि हा तिसरा पुढं बघतो नि आतही बघतो, टॅक्सीवाले घेतात, गाडीत कोण काय करतंय, काय बोलतंय, ते घरबसल्या मोबाइलवर दिसतं नि ऐकू येतं.

वर्षिणीचा हात तिसऱ्याकडं गेला. ती मैसूरच्याच हेब्बाळ भागातल्या एका कंपनीत काम करायची. सत्तावीस वर्षांची, एकुलती. तिला ऑफिसात बसून दिसलं असतं की अप्पा नि अम्मा नंजनगूडला नीट पोचले. तिच्या मनात माया होती. पण लक्ष्मीदेवीनं तो तिसरा कॅमेरा दुकानदाराकडं परत सरकवला.

"नको," ती म्हणाली. "नवराबायकोच्या बोलण्याला कशाला साक्षीदार?"

"काय बोलता एवढं तुम्ही दोघं?"

"भाजीचं. भाजी कुठं घ्यायची त्याचं."

कॅमेऱ्याची गोष्ट निघाली होती ती गाडीच्या डाव्या अंगावरच्या ओरखड्यांमुळं. वर्षभरात दोन. नागराज म्हणायचे, उभ्या गाडीला कुणीतरी घासून जातं, लोकांना डोळे नाहीत. वर्षिणीला ते पटलं. मैसूरात गाड्या काय थोड्या वाढल्यात? मग कॅमेरा लावूया, घासणारा सापडेल, असं तिनं ठरवून टाकलं.

घासणारा कोण, ते लक्ष्मीदेवीला ठाऊक होतं. पहिला ओरखडा जयलक्ष्मीपुरमच्या त्यांच्याच घराच्या फाटकाचा. दुसरा नंजनगूडच्या देवळामागच्या विजेच्या खांबाचा. तेव्हा ती शेजारी बसलेली होती. खांब जवळ आला, आणखी जवळ आला, तिला वाटलं आता वळवतील, आता वळवतील. मग कर्र आवाज झाला. नागराजांनी मान पूर्ण डावीकडं फिरवली आणि खांबाकडं असं पाहिलं, जणू तो आत्ताच जमिनीतून उगवला.   त्या दिवसापासून ती न चुकता त्यांच्याबरोबर जाऊ लागली.

आणि गाऊ लागली.

तिच्या माहेरी इडलीचं पीठ वाटताना आई ओव्या म्हणायची. ओवी मराठी, पीठ मैसूरचं. रगडा फिरेल तशी ओवी फिरायची. भावाची, सासरची, विठूची, शेजारणीच्या कोंबडीचीसुद्धा. जे डोळ्यांसमोर असेल ते ओवीत यायचं. ती रीत लक्ष्मीदेवीच्या जिभेवर होती. नागराजांना थेट 'डावीकडं बघा' म्हटलेलं चालत नसे. एकदा म्हटलं होतं. ते अख्खा दिवस जेवले नव्हते. पण बायको शेजारी बसून गुणगुणते, त्यावर कोण रागावणार?

डाव्या गं अंगाला आली दुधाची सायकल,
माझ्या गं रायाची गाडी घडीभर थांबल.

आणि गाडी थांबायची. दुधाची सायकल जायची. नागराज सरळ पुढं बघत पुन्हा गिअर टाकायचे.

शाळा सुटली डावीला, पाखरांची उडं रांग,
हळू हाका राया रथ, पाखरांचं नाजूक अंग.

 ओवीत पाखरं म्हटलं तरी रस्त्यावर पोरंच असायची, दप्तरं पाठीला लावलेली, कुठूनही कुठं पळणारी. ओवी एका शब्दानं उशिरा आली तर? खोकला आला तर? गेल्या आषाढात सर्दीनं तिचा घसा बसला होता, आवाजच फुटेना. नशीब की नेमकी तेव्हाच गाडीची बॅटरी उतरली आणि चार दिवस गाडी दारातच उभी राहिली.

वर्षिणीला सांगावं, असं रोज सकाळी वाटायचं. आणि मग सासरे आठवायचे. सासऱ्यांची नजर गेली तेव्हा घरच्यांनी त्यांच्या भल्यासाठीच त्यांच्या हातातली कात्री काढून घेतली होती. नागराज तेव्हा तीस वर्षांचे. ते एकदाच त्याबद्दल बोलले होते: बाबा वारले ते पुढं सात वर्षांनी, पण गेले त्याच दिवशी. नागराजांच्या हातात आता ही किल्ली होती. दर पंधरा दिवसांनी नंजनगूडच्या एका कारखान्याचे गणवेश शिवून गठ्ठे पोचवायचे, तिथल्या फाटकावर कुणीतरी 'या मास्तर' म्हणायचं, चहा यायचा. ती किल्ली कोण काढून घेणार? तिच्यानं होणार नव्हतं.

आता या दुकानात, तीन कॅमेऱ्यांपुढं, तिला वाटत होतं की निकाल लागायचा तो इथंच लागतोय. आत बघणारा घेतला तर लेक पहिल्याच दिवशी ओवी ऐकेल. वर्षिणीचं मराठी थोडं, घरगुती. पण डावं-उजवं कळण्याइतकं होतं.

तिसऱ्या कॅमेऱ्याला नागराजांनीच नकार दिला. म्हणाले, मी काय भाड्याची टॅक्सी चालवतो, माझ्यावर पहारा बसवायला? मग वर्षिणीनं दुसरा पुढं केला, मागचंही बघणारा. त्यावर त्यांनी विचारलं, त्या मागच्या भावाची वायर कुठून नेणार? छतातून, सुधींद्र म्हणाला, थोडं अस्तर उसवावं लागेल. नागराजांनी कपाळाला आठ्या घातल्या. कंपनीनं घातलेलं अस्तर एकदा उसवलं की पुन्हा तशी बैठक येत नाही. आपल्या हातांनी ते पाप नको. तेव्हा पहिला, फक्त समोरचा, एवढाच उरला.

सुधींद्रनं तो काचेला चिकटवला, वायर कडेच्या रबरात दडवली आणि लक्ष्मीदेवीच्या समाधानासाठी एक बारीक बटण दाबलं. आतून कुठलीशी बाई इंग्रजीत दोन शब्द बोलून गप्प झाली.

"आयतु अम्मा, झालं. आता हा बहिरा."

ती म्हणाली, पुन्हा एकदा दाखव. त्यानं बटण पुन्हा दाबून कान उघडले, आणि तिसऱ्यांदा दाबून मिटले. वर्षिणीनं गमतीनं विचारलं, अम्मा, तुझ्या भाजीवाल्याला एवढी घाबरतेस? लक्ष्मीदेवीनं हसण्यावारी नेलं.

पुढचा महिना तसा सुखाचा गेला, म्हणजे काही झालं नाही एवढंच. काचेवर तो काळा डोळा लटकलेला असायचा आणि तिचा आवाज आपोआप खाली यायचा. मग भीती वाटायची की खालच्या आवाजात त्यांना ऐकू येणार नाही, म्हणून ती पुन्हा चढवायची. बहिऱ्यासमोर गातानाही माणूस लाजतं ते असं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आयुधपूजा आली. शिंप्याच्या घरी त्या दिवशी सुईसुद्धा विसावते. लक्ष्मीदेवीनं दोन्ही मशिनी पुसल्या, कात्र्या, इस्त्री, टेप, पट्टी, खडूची डबी पाटावर मांडली. जे जे आपल्यासाठी राबतं त्याला गंध, कुंकू, फूल. यात डावं-उजवं करायचं नाही, ही सासूची शिकवण. मग गाडी धुतली. चाकांखाली लिंबं ठेवली, बॉनेटवर झेंडूची माळ सोडली, वायपरना केळीची पानं बांधली. आत शिरून किल्ली फिरवली, रेडिओवर मोठ्यानं भजनं लावली आणि ओल्या फडक्यानं स्टिअरिंग पुसलं, गिअर पुसला, आरसा पुसला, कॅमेराही चांगला घोळसून पुसला. आणि मग कुंकू कालवलेलं बोट घेऊन ती थबकली. हाही राबतो की आपल्यासाठी. याचं कपाळ कुठलं? सगळा मिळून एक डोळाच तर होता. काच आणि कॅमेरा यांच्यामधल्या फटीतून तिनं अनामिका घातली आणि त्या डोळ्यावर ठसठशीत टिळा लावला.

हात जोडताना ती पुटपुटली, बाबा, बघ, पण बोलू नकोस.

दसऱ्यानंतरच्या बुधवारी सकाळी गठ्ठे घेऊन दोघं नंजनगूडला निघाली. कारखान्याकडं जायला मोठ्या रस्त्यावरून डावीकडं एक अरुंद वाट फुटते. तोंडाशी खडीचा ढीग पडलेला. त्या वळणापाशी नागराजांनी वेग कमी केला. लक्ष्मीदेवीनं डाव्या आरशात पाहिलं. मागून एक स्कूटर येत होती, फार वेगानं, गाडी आणि खडी यांच्यामधल्या बोळातून शिरायच्या बेतानं. तिनं ओवी म्हटली. गाडी थांबली. एक क्षण सगळं जिथल्या तिथं होतं. मग डाव्या दाराशी धाडकन आवाज झाला आणि खडीवरून काहीतरी घसरत गेलं.

शशांक नावाचा पोरगा, एकवीस-बावीसचा. मनगट मोडलं होतं, गुडघा सोलला होता. नागराजांनीच त्याला उचलून मागच्या सीटवर घेतलं, गणवेशांच्या गठ्ठ्यांना टेकवून, आणि दवाखान्यात नेलं. वाटभर लक्ष्मीदेवीनं ओवी सोडली नाही. डावीकडचं एकेक माणूस, एकेक गाय तिनं गाण्यात घालून त्यांच्या कानी दिली. पोरगा कण्हता कण्हता म्हणाला, ही बाई गातेय काय?

दुपारी पोलीस ठाण्यात त्याचा भाऊ देवेश आला होता. त्याचं म्हणणं सरळ होतं: म्हाताऱ्यानं इंडिकेटर न देता गाडी डावीकडं घातली. हवालदार कृष्णमूर्तींनी नागराजांना आदरानं विचारलं, यजमान, तुम्ही काय पाहिलंत? आणि नागराज, आयुष्यात कुणाच्या मापात अर्धा इंच खोटं न लिहिलेला माणूस, म्हणाले, "मी त्याला पाहिलंच नाही."

देवेशनं हात पसरले. झालं, आणखी काय हवं? कृष्णमूर्ती कागद ओढून लिहू लागले.

वर्षिणी ऑफिसातून धावत आली होती. तिनं बापाचा पडलेला चेहरा पाहिला, आणि एकदम उजळली. कॅमेरा आहे की! ती गाडीकडं गेली, त्यातलं चिमूटभर कार्ड काढून आणलं, आपल्या लॅपटॉपला लावलं. सगळे टेबलाभोवती वाकले.

पडद्यावर लाल धुकं होतं. वर कडेला आभाळाची एक चिंधी, बाकी सगळं लालच लाल.

"अम्मा," वर्षिणी हळूच म्हणाली, "काय लावलंस ह्याला?"

"पूजा होती," लक्ष्मीदेवी म्हणाली. तिला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

देवेश तोंड फिरवून हसला. कृष्णमूर्ती हसले नाहीत. बाहेर उभ्या असलेल्या पोलिसांच्या जीपच्या दोन्ही दिव्यांवर अजून हळदकुंकू होतं, आणि ते कुणी लावलं होतं हे त्यांना ठाऊक असावं.

आणि मग त्या लाल धुक्यातून आवाज आला. इंजिनाची घरघर. बांगड्यांची किणकिण. लक्ष्मीदेवीचा स्वतःचा आवाज.

 कान उघडे! ओलं फडकं, घोळसून पुसलेला कॅमेरा, ते बारीक बटण. क्षणात तिला सगळं उमगलं. पूजेनं त्याचा डोळा झाकला होता आणि कान उघडला होता.

वर्षिणीनं सुस्कारा टाकला. "नुसतं अम्माचं गाणं आहे. दिसत काही नाही. सुम्ने, उगाच. उपयोग नाही." तिचं बोट बंद करायला पुढं झालं.

ते बोट कळीपर्यंत पोचायला किती वेळ लागला असेल? तेवढ्या वेळात लक्ष्मीदेवीला दोन्ही वाटा दिसल्या. बंद होऊ दे. लेकीला काही कळणार नाही, किल्ली त्यांच्या खिशात राहील, आणि त्या कागदावर लिहिलं जाईल की नागराज नावाच्या माणसानं एका पोराचं मनगट मोडलं. ते स्वतःही तेच धरून बसतील. आधीच धरून बसले होते. बाकावर बसल्या जागी त्यांचा अंगठा तर्जनीवर फिरत होता, नसलेला दोरा ओवत.

"थांब," ती म्हणाली. "ऐकू दे त्यांना."

सगळे ऐकू लागले. टिक-टिक, टिक-टिक, इंडिकेटरचा आवाज सुरू झाला. त्या तालावरच जणू ओवी आली:

डाव्या हाती वळायाचं, दिवा लुकलुक करी,
मागून गं येतं कोणी, थांबा घडीभर तरी.

ब्रेक करकरला. टिक-टिक चालूच. नागराजांचा आवाज, खालचा: "थांबलोय." टिक-टिक. टिक-टिक. आणि मग धाडकन.

कृष्णमूर्तींनी ते पुन्हा लावायला सांगितलं. तिसऱ्यांदाही ऐकलं, डोळे मिटून. मग त्यांनी पेन खाली ठेवलं आणि लक्ष्मीदेवीला विचारलं, "अम्मा, हे तुम्ही काय म्हणताय? मला मराठी येत नाही."

वर्षिणीनं तोंड उघडलं, पण लक्ष्मीदेवीनं तिच्या हातावर हात ठेवला आणि स्वतःच कन्नडात सांगितलं. "मी त्यांना सांगतेय की आपल्याला डावीकडं वळायचंय, दिवा लागलाय, आणि मागून कुणीतरी येतंय, तर थांबा."

"मग गाण्यात कशाला?"

पंखा फिरत होता. लेक बघत होती. नवरा जमिनीकडं बघत होता.

"कारण त्यांना डावीकडचं दिसत नाही," ती म्हणाली. "आणि तसं सांगितलेलं त्यांना सोसत नाही."

 देवेशचं हसू केव्हाच गेलं होतं. कृष्णमूर्तींनी त्याला विचारलं की उभ्या गाडीच्या डाव्या बाजूनं तुझा भाऊ कशाला शिरत होता. त्यांनी आधीचा कागद फाडला. पण दुसऱ्या कागदावर दोन ओळी लिहून त्यांनी तो वर्षिणीच्या हाती दिला: डोळ्यांच्या डॉक्टरचा दाखला आणल्याशिवाय यजमानांनी गाडी चालवायची नाही. या वेळी गाणं वेळेवर आलं, ते म्हणाले.  लक्ष्मीदेवी याच्या पुढचं वाक्य रोज सकाळी मनात पुरं करत आली होती.

बाहेर झाडाखाली गाडी उभी होती, डावं दार चेपलेलं. वर्षिणी पुढं गेली. तिच्या पाठीकडं बघून लक्ष्मीदेवीला कळेना की ती रागावलीय की रडतेय.

"मी फसवलं तुम्हाला," लक्ष्मीदेवी नवऱ्याला म्हणाली.

नागराजांनी खिशातून किल्ली काढली होती. ती तळहातावर ठेवून ते म्हणाले, "आषाढात तुझा घसा बसला होता. चार दिवस गाडी दारात होती. आठवतं?"

"बॅटरी उतरलेली."

"बॅटरीला काय धाड भरली होती?"

तिनं वर पाहिलं. ते हसत नव्हते. त्यांचा उजवा डोळा तिच्यावर होता, आणि डावा कुठंच नव्हता.

"मला वाटायचं, तुला वाटतंय मला कळत नाही," ते म्हणाले. "म्हणून मी न कळल्यासारखं करायचो. नाहीतर तू गायची थांबली असतीस, लक्ष्मी." मग हाक मारून त्यांनी लेकीला थांबवलं आणि किल्ली तिच्या हातात ठेवली. काढून घेतलेली नव्हे, दिलेली. तरी ती देताना त्यांची बोटं किल्लीवरून सुटायला जरा वेळ लागला.

शुक्रवारी सकाळी तिघं डोळ्यांच्या इस्पितळात निघाली. कुणालाच रात्रीची झोप नीट लागली नव्हती. डॉक्टर काय म्हणतील? मोतीबिंदू म्हटलं तर निभावलं. वडिलांचं होतं ते म्हटलं तर? वर्षिणी चालवत होती, नागराज तिच्या शेजारी, लक्ष्मीदेवीच्या नेहमीच्या जागेवर, आणि ती मागं. कॅमेऱ्याचा डोळा वर्षिणीनं मऊ फडक्यानं स्वच्छ पुसला होता. कडेला कुंकवाची एक रेघ तेवढी राहिली होती.

पहिल्या चौकात डावीकडून एक रिक्षा घुसली. लक्ष्मीदेवीचं तोंड उघडलं, आणि मिटलं. वर्षिणीनं आधीच ब्रेक लावला होता. पुढं एक कुत्रा, पुढं पाण्याचे कॅन लादलेली सायकल. दर वेळी शब्द ओठांपर्यंत यायचे आणि परत फिरायचे. गाडीत फक्त इंजिनाचा आवाज होता. नागराज दोन्ही हात मांडीवर ठेवून ताठ बसले होते, माप देणाऱ्या माणसासारखे.

"अम्मा," वर्षिणी आरशातून बघत म्हणाली, "गप्प का?"

"तुला दिसतंय की सगळं."

"दिसतंय." ती जरा थांबली. "अप्पांना नाही ना दिसत. त्यांना सांग की."

नागराजांनी मान वळवली नाही. पण ते सीटवर किंचित मागं रेलले आणि त्यांचा डावा कान मागच्या सीटच्या जवळ आला.

लक्ष्मीदेवीनं खिडकीबाहेर पाहिलं. घसा साफ केला. 

डाव्या गं अंगाला फुलांनी भरली गाडी,
माझ्या गं रायाला लागली वासाची गोडी.

"शेवंती," नागराज म्हणाले.

ती शेवंतीच होती. इस्पितळाची पाटी दिसू लागली, आणि वर्षिणीनं डावीकडचा दिवा लावला.